माळ ओसाड म्हणून छापण्याआधी एकदा कार्तिकात येऊन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या जिल्हा पुरवणीत एक बातमी होती, ‘ओसाड माळावर फुलणार हिरवाई’. सोबत मोठा फोटो. फोटोत फीत, नवीकोरी कुदळ, खड्ड्यात उभं केलेलं गिरिपुष्पाचं रोप आणि त्याच्याभोवती वाकलेली दहा-बारा माणसं. त्यांच्या खांद्यांवरून मागे पाहिलं तर गवत दिसतं, मांडीपर्यंत वाढलेलं, तांबूस, फुलोऱ्यावर आलेलं. मी भिंग घेऊन पाहिलं. पुढे कुसळी आहे, मागच्या उतारावर मारवेल असावा. बातमी ज्या जमिनीला ओसाड म्हणते, तिच्यावर आपल्याच फोटोत इतकं गवत उभं आहे, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, याची कल्पना आहे. कात्री चालवायचीच असेल तर मधल्या माझ्या कुरकुरीवर चालवा, भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्यांना हात लावू नका.

मी निवृत्त तलाठी. नोकरी सगळी इंदापूर, बारामती, दौंड या पट्ट्यात झाली. गावात अजूनही ‘तलाठी मॅडम’ म्हणतात आणि वारसनोंदीचं विचारायला येतात. निवृत्तीनंतर रविवार एका निसर्ग मंडळाला दिले आहेत. मंडळ म्हणजे आठवी-नववीची काही पोरं, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, दोन शेतकरी, मेंढरं राखणारे एक काका, मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आणि मी. दुर्बिणी मोजक्या, त्यातल्या एकीचं एक भिंग धूसर. ती नवीन माणसाला देतो. मंडळाला कार्यालय नाही, बॅनर नाही, त्यामुळे आमची बातमी येत नाही. त्याबद्दल तक्रारही नाही.

आधी कागदाचं सांगते, कारण ‘ओसाड’ हा समज पुष्कळ अंशी आमच्या दप्तरातूनच बाहेर पडला आहे. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराबा वेगळा लिहितात. पोटखराब्यातही वर्ग ‘अ’ आणि वर्ग ‘ब’. खडकाळ, नाल्याची, पीक न निघणारी जमीन ‘अ’मध्ये; रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाला राखलेली ‘ब’मध्ये. हे सगळं कशासाठी, तर आकारणीसाठी. जिथे पीक नाही तिथे सारा नाही, एवढाच त्या रकान्याचा हिशेब. त्या जमिनीवर काय उगवतं आणि कोण राहतं हे लिहायला तो रकाना आखलेलाच नाही. पण साहेब बदलतात, योजना येतात, कोणीतरी सातबारा उघडतं, ‘लागवडीस अयोग्य’ वाचतं आणि ठरवतं की इथे काहीच नाही, चला झाडं लावू. वर दिल्लीतही तेच. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २००० सालापासून पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह काढले, त्यांत झुडपी माळ आणि गवताळ पट्टे ‘पडीक’ या सदरातच बसवलेले आहेत.

आता त्या पडीक जमिनीवर सध्या काय चाललं आहे ते लिहिते.

आमचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी माणसं समाधानी. त्यातला मोठा वाटा उत्तरा-हस्ताचा, परतीच्या पावसाचा. त्यामुळे माळाचा खरा हंगाम जूनमध्ये सुरू होत नाही, तो सप्टेंबरात रंगतो. हस्ताचा हत्ती बरसून गेला की गवत झपाट्याने उंच होतं, चित्रा-स्वातीच्या उन्हात ते पिकतं. कुसळीचा दाणा तेव्हा पाहण्यासारखा असतो. त्याला मागे लांब कुसळ असतं. ओल लागली की ते कुसळ पीळ सोडतं, वाळलं की परत पीळ घेतं. या वळण्या-उलगडण्यातून दाणा स्वतःला जमिनीत गाडून घेतो. खड्डा खणायला कोणी पाहुणा बोलवावा लागत नाही.

गवत पिकलं की नाकतोड्यांचा सुकाळ. पाऊल टाकलं की पायापुढून फवारा उडतो. आणि नाकतोडे आहेत म्हणून बाकीचे सगळे आहेत. भोरड्या ऑगस्ट-सप्टेंबरातच उतरलेल्या असतात. त्या ज्वारीवर पडतात म्हणून बदनाम, पण ज्वारीला दाणा भरायला अजून दोन-तीन महिने असतात, तोवर त्यांचं पोट या किड्यांवरच चालतं. नीलकंठ तारेवर येऊन बसतो. खरुची, म्हणजे लहान तांबूस ससाणा, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि खाली झेपावते. चातक एव्हाना परत गेलेला असतो. त्याच्या येण्याची बातमी आपण दर जूनला छापता, जाण्याची कधी छापलेली आठवत नाही.

आणि मग भोवत्या पक्षी. इंदापूरच्या माळावर हिवाळ्यात कोण येतं असं कोणी विचारलं तर मी पहिलं नाव हेच घेते, रोहित पक्ष्याचं नाही. घारीपेक्षा सडपातळ, लांब शेपटीचा, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून गवताच्या टोकांना जवळजवळ घासत जाणारा शिकारी पक्षी. नर राखाडी-पांढुरके, पंखांची टोकं काळी. माद्या आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. आमच्याकडे मुख्यतः दोन जाती, माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या. पाणथळीकडे तिसराही, दलदली भोवत्या. नर ओळखता येतात. माद्यांवरून आमच्या मंडळात दर वर्षी भांडण होतं आणि वहीत शेवटी ‘माँटेग्यू किंवा पांढुरका, मादी’ असं लिहिलं जातं. हे पक्षी कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांत जन्मतात आणि हजारो किलोमीटर उडून पुन्हा गवताळ मैदानातच उतरतात. वाटेत त्यांना जंगलं लागतात, शहरं लागतात, पण मुक्काम गवतात. सप्टेंबरअखेर पहिले दिसतात, मार्च-एप्रिलात परततात.

त्यांची एक गोष्ट वृक्षारोपण करणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावी. हे पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत. ते जमिनीवर, उंच गवतात झोपतात, आणि एकेकटे नाही, जमावाने. दिवसभर पाच-दहा किलोमीटरवर विखुरलेले पक्षी सूर्य बुडायच्या सुमाराला एकाच माळावर गोळा होतात. गुजरातमधलं वेळावदर या रात्रमुक्कामासाठी जगभर प्रसिद्ध आहे. आमचा माळ त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी आहे.

आमची मोजणी अशी चालते. दुपारी साडेचारला जमायचं. माळाच्या चार बाजूंना, गवतापासून लांब, बांधाच्या आडोशाला चार गट बसतात. प्रत्येक गटाने फक्त आपल्या दिशेने आत आलेला पक्षी धरायचा, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. पोरांना मी पंचनाम्याची शिस्त लावली आहे. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं, उजेड किती होता, वारा कुठला, पाणवठ्यात पाणी किती. ‘काही दिसलं नाही’ हेसुद्धा तारीख-वेळेसह लिहायचं. ते लिहिताना पोरांच्या जिवावर येतं, पण दहा वर्षांनी कोणी विचारलं तर तीच ओळ कामाला येणार आहे. बॅटरी लावायची नाही, गवतात पाऊल टाकायचं नाही. सूर्य गेल्यावर पहिला येतो, गवतावरून दोन फेऱ्या मारतो आणि दिसेनासा होतो. मग एकदम चारी बाजूंनी. काही उतरून पुन्हा उठतात, जागेवरून एकमेकांना हुसकतात. शेवटचे शेवटचे तर नुसत्या सावल्या असतात आणि त्यांच्यावरून वाद होतो. वनखात्याची जमीन असेल तिथे आम्ही परवानगीशिवाय जात नाही. गायरानावर ग्रामपंचायतीला कळवून जातो.

सकाळी पक्षी निघून गेल्यावर, ऊन चांगलं वर आल्यावर, दोघे-तिघेच आत जातात आणि त्यांनी टाकलेल्या गोळ्या उचलून आणतात. शिकारी पक्षी न पचलेले केस, पिसं, हाडं, किड्यांचे पाय यांची घट्ट गोळी करून तोंडावाटे टाकतो. ती विष्ठा नसते, हे पालकांना दर वर्षी नव्याने समजवावं लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत त्या गोळ्या पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवतो. कधी उंदराचा जबडा निघतो, कधी चंडोलाची पिसं. पण बहुतेक गोळ्यांत नाकतोड्यांच्या मागच्या तंगड्या आणि जबडेच जबडे. मुली ते पांढऱ्या कागदावर चिकटवून वेगळे करतात, जबड्यांच्या जोड्या लावून किडे मोजतात. एका शेतकऱ्याला बोलावून हे दाखवलं. रब्बीच्या ज्वारीची उगवण ऐन याच दिवसांतली, नाकतोडे कोवळे कोंब कुरतडतात हे त्याला आम्ही सांगायची गरज नव्हती. तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे हे आमचे बिनपगारी राखणदार. आणि आम्ही औषध मारतोय.”

आता त्या माळावर ओळीने खड्डे काढून झाडं उभी केली तर काय होतं? पहिली दोन वर्षं काही होत नाही, म्हणून लोक म्हणतात, कुठे काय बिघडलं? रोपं माणसाच्या उंचीची झाली की सावलीत गवत विरळ होतं. जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांचं सगळं रक्षण दूरवर दिसण्यावर चालतं. धाविक, पखुर्डी, चंडोल, लावे हे उघड्यावर अंडी घालतात, अंड्यांचा रंग मातीसारखा, आणि येणारा शत्रू लांबूनच दिसावा लागतो. तिथे रांगेने झाडं आली की कावळ्याला बसायला जागा झाली. तो वरून सगळं पाहतो. भोवत्या तर अशा जागी रात्रीला उतरतच नाहीत. आणि गिरिपुष्पच का? लवकर वाढतं, जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, राखण लागत नाही, म्हणून. आमच्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. जे झाड मेंढी खात नाही ते मेंढपाळाच्या चराईवर लावायचं, याला हिरवाई म्हणायचं असेल तर म्हणा.

बातमीतलं रोप तर ऑक्टोबरमध्ये लावलं. पाऊस संपता संपता, पुढे सात-आठ महिने कोरडे असताना! त्याला पाणी कोण घालणार हा प्रश्न बातमीत नाही. टँकरने घालणार असतील तर तो टँकर गावाला मार्चमध्ये लागणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी झाडांच्या विरोधात नाही. ओढ्याकाठी करंज लावा, बांधावर बाभूळ, रस्त्याला कडुलिंब, शाळेत काय हवं ते लावा. आमच्या गावात ओढ्याच्या दोन्ही काठांना जागा रिकामी आहे. माळावरही मधूनच एखादा हिवर असतो, बोराटीची जाळी असते, ती तिथलीच आहेत आणि खाटीक पक्ष्याला बसायला तेवढी पुरतात. अडचण लक्ष्याची आहे. राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचं लक्ष्य धरलं. लक्ष्य रोपांच्या आकड्यात आलं की जागा शोधावी लागते, आणि तालुक्यात एकगठ्ठा, मोकळी, कोणी हरकत न घेणारी जागा कुठली, तर माळ. ते अभियान संपलं, सवय राहिली. आता संस्था येतात, कंपन्यांचे निधी येतात, वाढदिवस येतात. सगळ्यांना फोटोसाठी मोकळी जागाच हवी असते.

गंमत अशी की याच पुणे जिल्ह्यात वनखात्याने कडबनवाडी आणि शिरसुफळला माळरान सफारी सुरू केली आहे. शहरातली माणसं पैसे भरून लांडगा, खोकड, चिंकारा आणि तरस बघायला येतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, चिंकाऱ्यांसाठी, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पलीकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी १९८० सालचं, काळविटांसाठी, ते तर सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा तुकड्यांत ही जनावरं मावत नाहीत. ती राहतात आसपासच्या गायरानांवर, वनखात्याच्या माळांवर, पडीत ठेवलेल्या शेतांत. म्हणजे एका माळावर तिकीट आणि त्याच्या शेजारच्या माळावर खड्डे.

लांडग्याबद्दल थोडं जपून लिहिते. आमच्या भागात त्यांची पिल्लं हिवाळ्यात होतात. त्याआधी, दिवाळीच्या सुमाराला, ओघळीच्या काठी जुनी बिळं उकरलेली दिसायला लागतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या लांडग्यांच्या अगदी जुन्या वंशांपैकी असल्याचं दाखवलं. कायद्याने तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीला. आमचे मेंढरंवाले काका त्याला कायद्याने ओळखत नाहीत, दर वर्षी जाणाऱ्या कोकरांवरून ओळखतात, आणि तरीही बीळ दिसलं तर वाडा लांब लावतात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “तो पण इथलाच की.” पुढे काही बोलले नाहीत. या ओघळींवर जेसीबीने सलग समतल चर मारले की बिळं गेली. ते काम कागदावर ‘मृद व जलसंधारण’ असतं, त्यामुळे त्याविरुद्ध बोलणारा गावाचा शत्रू ठरतो. पाणी अडवायला चर हवेत तिथे मारा, पण आधी कोणीतरी ओघळ चालून या, एवढंच आमचं म्हणणं असतं. फोटोसाठी गवतात गाड्या घालून लांडग्याच्या मागे लागणाऱ्या हौशी मंडळींबद्दलही लिहायचं होतं, पण त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहीन.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोकाची मादी साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज देशात जे थोडे उरलेत ते जवळजवळ सगळे राजस्थानात. आमच्या लहानपणी ‘माळढोक’ म्हटलं की घरात कोणाला तरी तो पाहिल्याचं आठवायचं. आता पोरं मला विचारतात, तो कसा ओरडतो? मी ऐकलेलाच नाही.

विषय निघालाच आहे तर उजनीचंही. दर नोव्हेंबरात आपल्याकडे मथळा येतो, ‘परदेशी पाहुणे यंदा रुसले’. रोहित पक्षी रुसत नाहीत. उजनी हे ११७ टीएमसीचं धरण. परतीचा पाऊस चांगला झाला की ते काठोकाठ भरतं आणि भिगवणकडचे सगळे चिखलपट्टे पाण्याखाली जातात. रोहित पक्ष्याला उथळ पाणी लागतं, चिखल ढवळून खातो तो. शेतीसाठी कालव्याची आवर्तनं सुटली, पाणी उतरलं, कडेचा चिखल उघडा पडला की तो येतो, बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत. ज्या वर्षी धरण भरलं त्या वर्षी पाहुणे उशिरा, एवढं साधं आहे. बातमीदाराने धरणाच्या पाणीपातळीचा रोजचा आकडा पाहिला तरी मथळा बदलेल. तो आकडा आपणच पान दोनवर छापता.

आणि ज्या दिवसांत सगळे कॅमेरे भिगवणच्या होड्यांत असतात, त्याच दिवसांत वरून एक मोठा प्रवास चाललेला असतो. ऑक्टोबरमध्ये माळावर आणि पाणवठ्यांवर पिवळसर चतुरांचे थवे दिसतात, पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. यातले पुष्कळ वाऱ्याबरोबर समुद्रावर निघतात. मालदीवमध्ये हे चतुर दर ऑक्टोबरात अचानक प्रचंड संख्येने प्रकटतात आणि तिथे त्यांच्या पिल्लांना वाढायला गोडं पाणी जवळपास नाही, म्हणजे ते बाहेरून आलेले, हा धागा धरून चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं की ते भारताकडून निघून आफ्रिकेला जातात. त्याच सुमाराला अमूर ससाणे सैबेरिया आणि उत्तर चीनकडून येऊन, नागालँडात थांबून, आपल्या डोक्यावरून अरबी समुद्राकडे जातात. नोव्हेंबरात लोणावळ्याकडच्या डोंगरांवर ते पाहायला माणसं जमतात. समुद्रावर हे ससाणे याच चतुरांवर गुजराण करत असावेत असा अँडरसन यांचा तर्क आहे. आमच्या माळावरच्या डबक्यात वाढलेला चतुर सोमालियाच्या वाटेवर एखाद्या ससाण्याच्या तोंडी जात असेल, हे नववीच्या वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कोणी भूगोलाच्या तासाला नकाशा मागितला.

आता मागणं. आपल्या बातमीदारांनी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात चारच गोष्टी विचाराव्यात. गट नंबर कोणता, लावण्याआधी तिथे काय उगवत होतं, कुठली जात लावली आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार. उत्तरं मिळाली तर छापा, नाही मिळाली तर ‘मिळाली नाहीत’ असं छापा.

आणि गावांनी करायचं ते असं. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बहुतेक ठिकाणी ती कपाटात आहे. आमच्या गावची उघडली तेव्हा तिच्यात आंबा होता, चिंच होती, मोर होता, आणि माळाचं पान जवळजवळ कोरं. मंडळाने गेल्या शरदात ते भरायला घेतलं. काकांनी गवतं सांगितली, कुठलं मेंढी आधी खाते, कुठलं शेवटी. सिस्टरनी औषधी झुडपं लिहून घेतली. पोरांच्या वहीतून पक्षी आले, रात्रमुक्कामाची जागा आली. समितीकडून सही-शिक्का घेतला आणि ग्रामसभेपुढे वाचून दाखवलं. दोन तास गेले, लोक कंटाळले, एकाने विचारलं की याचे पैसे मिळतात का. पण पुढच्या महिन्यात गायरानावर रोपवनाचा प्रस्ताव आला तेव्हा सरपंचांनी ती नोंदवही टेबलावर ठेवली आणि प्रस्ताव ओढ्याकाठी वळवला. सातबाऱ्याला उत्तर द्यायला भाषण चालत नाही, दुसरा कागदच लागतो, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत कळलं आहे. बाकीच्या गावांनी आपापली नोंदवही काढून बघावी. माळाचं पान भरायला ऑक्टोबर-नोव्हेंबरइतका सोयीचा काळ नाही. गवत फुलोऱ्यावर असल्याने ओळखता येतं, पाहुणे पक्षी आलेले असतात आणि शाळेला दिवाळीची सुट्टी असते.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्ली गेल्यानंतर या सप्ताहात त्यांच्या फोटोला हार घालायचे कार्यक्रम होतील, झालेही आहेत. त्या आठवड्यातल्या रविवारी आमची भोवत्यांची मोजणी असते. आपला एक प्रतिनिधी पाठवा, फोटोग्राफरसह. साडेचारला एसटी स्टँडवर आमचा माणूस घ्यायला येईल. मळकट रंगाचे कपडे, पाण्याची बाटली, आणि दोन तास न बोलता बसायची तयारी, एवढं पुरे. दोन अटी आहेत. ड्रोन आणायचा नाही. त्याच्या आवाजाने पक्षी उतरत नाहीत आणि त्या दिवसाची मोजणी वाया जाते. आणि बातमीत जागेचं नाव ‘इंदापूर तालुक्यातला एक माळ’ एवढंच छापायचं. सरपंचांचं मत वेगळं आहे, त्यांना गावाचं नाव हवं आहे, पण त्यांना मी समजावते.

आपली वाचक,
एक निवृत्त तलाठी
ता. इंदापूर, जि. पुणे
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र कागदावर जोडला आहे.)